टर्बो बसवल्यावर हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा जातं: दोष नेमका कुठे शोधायचा

घरी टर्बो बसवलेल्या पेट्रोल इंजिनाची ही तक्रार ठरलेली आहे. ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं नवं गॅस्केट टाकलं, हेडला फेसिंग मारलं (घासून सपाट केलं), बोल्ट बदलले. थोडे दिवस गाडी झकास पळाली. मग एखाद्या लांब चढावर, बूस्ट (टर्बोने दिलेला जादा हवेचा दाब) धरलेला असताना, टेम्परेचरचा काटा सरकला, कूलंटची बाटली उतू गेली आणि हेड पुन्हा खाली उतरलं. गॅरेजमधलं निदानही ठरलेलं: "साहेब, गॅस्केट हलकं होतं. या वेळी मल्टिलेयर स्टीलचं टाकू, विषयच संपला." विषय संपत नाही. भारी गॅस्केट तगतं आणि पुढच्या खेपेला पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटते. तो खर्च गॅस्केटच्या कितीतरी पट.

गॅस्केट इथे फ्यूजचं काम करतंय. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. सिलिंडरमधला दाब हाताबाहेर का गेला हा प्रश्न आधी, गॅस्केट कोणतं हा सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी जिप्सीचं जी१३बीबी इंजिन घेतो, कारण आपल्याकडे ऑफरोडवाल्या मंडळींच्या हातात तेच जास्त असतं. १२९८ सीसी, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, कॉम्प्रेशन ९:१, मूळ ताकद ८० अश्वशक्तीच्या आसपास, ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. तुमचं इंजिन दुसरं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच. आणि एक गोष्ट आधीच मोकळेपणाने: नोंदणी झालेल्या गाडीत परवानगीशिवाय असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, विमा कंपनीही हात वर करते. त्यामुळे पुढचं सगळं ट्रॅकवरच्या किंवा खासगी जागेत चालवायच्या गाडीपुरतं.

जोर किती असतो त्याचा अंदाज घ्या. ७४ मिमी बोअरचं क्षेत्रफळ साधारण ४३ चौरस सेंटिमीटर. सिलिंडरमध्ये ६० बार दाब झाला की एकटं ते सिलिंडर हेडला अडीच टनांहून जास्त जोराने वर ढकलतं. नीट जळणाऱ्या मिश्रणात हा दाब चढतो आणि ओसरतो, बोल्ट ते सहन करतात. नॉकिंग झालं की उरलेलं मिश्रण एका झटक्यात पेटतं आणि त्या दाबावर आणखी तीक्ष्ण लाटा उठतात. बूस्ट ०.५ बारच ठेवलाय, मग गॅस्केट कसं गेलं, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नुसत्या बूस्टने गॅस्केट जाणं विरळा. बहुतेक वेळा त्या बूस्टवर झालेल्या नॉकिंगने जातं.

हेड उघडण्याआधी

गॅस्केट खरंच गेलंय का, ते आधी पक्कं करा. थंड इंजिन चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात रेडिएटरचा वरचा होस दगडासारखा कडक झाला, तर कूलंटमध्ये सिलिंडरचा वायू शिरतोय; पाणी गरम होऊन दाब वाढायला इतक्यात वेळच मिळालेला नसतो. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं निळं रसायन मिळतं, ते पिवळं पडलं की शंका उरत नाही. त्यानंतर लीकडाउन टेस्ट: पिस्टन टीडीसीवर (सगळ्यात वरच्या जागी), गाडी गियरमध्ये, प्लगच्या जागी हवेची नळी, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते बघायचं. नुसती कॉम्प्रेशन टेस्ट इथे कमी पडते, कारण अनेक गॅस्केटं फक्त बूस्टच्या दाबाखाली श्वास सोडतात आणि स्टार्टरवर चारही आकडे सुरेख दाखवतात.

कूलंट उतू जातंय म्हणजे गॅस्केटच, असंही नाही. रेडिएटरची टोपी दाब धरत नसेल किंवा टर्बोच्या पाण्याच्या लाइनमध्ये हवा अडकली असेल तरी हेच दिसतं. टोपी पाच मिनिटांत बदलून होते. हेड उतरवायला अख्खा रविवार जातो.

उघडल्यावर आधी पुरावा, मग साफसफाई

आपल्याकडे हेड उतरलं की जुनं गॅस्केट थेट भंगारात जातं आणि ब्लॉकवर पॉलिश पेपर फिरतो. सगळी माहिती तिथेच पुसली जाते. गॅस्केटवर मार्करने सिलिंडरचे नंबर टाका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि जिथे फुटलंय ती जागा उजेडात धरून बघा.

दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर, बहुतेक वेळा दोन आणि तीनच्या मध्ये, फायर रिंग (गॅस्केटमधली सिलिंडरभोवतीची धातूची कडी) चेपून बाहेर ढकललेली दिसली आणि त्याच बाजूला पिस्टनच्या माथ्याची कड बारीक खड्ड्यांनी खरबरीत झालेली असेल, तर ते नॉकिंग. फायर रिंग शाबूत आहे, पण काजळीचा काळा पट्टा रुंद पसरलाय, तर हेड उचललं जातंय: बोल्टचा ताण कमी किंवा पृष्ठभाग वाकडा. आणि पाण्याच्या भोकाभोवती गॅस्केट गंजून खाल्लेलं असेल तर टर्बोला दोष देऊ नका. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेल्या इंजिनाला टर्बो नसता तरी हे झालंच असतं.

मग प्लग. दहा पट भिंगातून मधल्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकाकडे बघा. त्यावर काळे, मधूनच चकाकणारे कण चिकटलेले दिसले तर तो पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम आहे. चारही प्लग ओळीने मांडून हे बघायला हवं, कारण कण एकाच प्लगवर असले तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे, बहुतेक इंजेक्टरचा. चारहींवर असले तर दोष सगळ्यांना समान असलेल्या गोष्टीत: टायमिंग (ठिणगी कधी पडते ते), इंधनाचा दाब किंवा हवेचं तापमान. पुढचा अर्धा शोध या एका निरीक्षणाने वाचतो. जमल्यास चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचे वरचे कप्पेही बघा. नॉकिंगचा मार तिथेही उमटलेला असतो.

इंधन: बूस्टवर किती मिळतंय ते मोजा

आयडलला आणि साध्या चालीत सगळं बरोबर, बूस्टवर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), असा हा आजार आहे. त्यामुळे उभ्या गाडीवर केलेली कोणतीही तपासणी इथे फारशी कामाची नाही.

पहिलं नाव मूळ ईसीयूचं, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठरवणाऱ्या संगणकाचं. मूळ मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणारा, वातावरणाच्या दाबाच्या जरा वर जाऊन थांबतो. त्यापुढे टर्बोने कितीही दाब दिला तरी ईसीयूला एवढंच कळतं की पाय पूर्ण दाबलाय. मग कोणी जादा इंजेक्टर लावतो, कोणी बूस्टबरोबर दाब चढवणारा रेग्युलेटर, कोणी सेन्सरच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह घालून ईसीयूला फसवतो. या जुगाडांनी पेट्रोल कसंबसं पुरतं, पण टायमिंग? ते बिनटर्बोच्या इंजिनाचंच राहतं. वाइडबँड गेजवर, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणाऱ्या गेजवर, मिश्रण छान श्रीमंत (पेट्रोल भरपूर) दिसतं आणि आत हातोडे पडत असतात. वारंवार गॅस्केट जाणाऱ्या गाड्यांत मूळ ईसीयू तसाच ठेवलेली गाडी असेल, तर बाकी काही शोधायच्या आधी तो बदला. स्पीडुइनो, मेगास्क्वर्ट, रसईएफआय, अशा स्वतंत्र ईसीयूंपैकी जे झेपेल ते; सोबत २.५ किंवा ३ बारचा सेन्सर हवा.

स्वतंत्र ईसीयू आहे आणि तरी मिश्रण पातळ होतंय, तर रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब बघा. इंजेक्टरमधून किती पेट्रोल जातं ते रेलमधला दाब आणि मॅनिफोल्डमधला दाब यांच्या फरकावर, नेमकं सांगायचं तर त्या फरकाच्या वर्गमूळावर ठरतं. रेलमध्ये ३ बार कायम, आणि मॅनिफोल्डमध्ये ०.६ बार बूस्ट, म्हणजे फरक उरला २.४. वर्गमूळ काढलं तर पेट्रोल जवळजवळ ११ टक्के कमी. म्हणून रेग्युलेटरच्या वरच्या नळीला मॅनिफोल्डचा दाब मिळायलाच हवा, म्हणजे ०.६ बूस्टला रेलमध्ये ३.६ दिसेल. ज्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीत असतो आणि परतीची लाइन नसते, तिथे हा फरक टिकत नाही. ईसीयूच्या टेबलमध्ये (किती दाबाला आणि वेगाला काय द्यायचं, त्या तक्त्यात) त्याची भरपाई करावी लागते किंवा लाइन बदलावी लागते. आणि रेग्युलेटरची नळी क्लिपशिवाय नुसती खोचलेली असेल तर बूस्टवर ती निसटते, हे सांगायला नको, तरी सांगतो.

दाब चढत नसेल तर पंपाच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, तेही भर लोडवर. बॅटरीवर १४ आणि पंपावर साडेअकरा, हे पंचवीस वर्षांच्या वायरिंगमध्ये सर्रास आढळतं. पंपाला स्वतंत्र रिले, फ्यूज आणि जाड वायर द्या, अर्थिंग घासून नवं करा. बऱ्याच वेळा नवा पंप घ्यायची गरजच उरत नाही. दाब मोजायला इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावून लॉग करा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये ओढून गेज लावण्याचा उद्योग कृपा करून करू नका.

इंजेक्टर पुरतात का, याचं गणित घरी होतं. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२७ किलो पेट्रोल धरा. १२० अश्वशक्ती हवी असेल तर तासाला ३२-३३ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे ७४० सीसी. चार इंजेक्टर, आणि ८० टक्क्यांपुढे त्यांना उघडं ठेवायचं नाही, म्हणजे प्रत्येकी २३० सीसीचे तरी हवेत. ८० अश्वशक्तीसाठी बनवलेले मूळ इंजेक्टर इथवर पोचत नाहीत.

एकाच प्लगवर कण दिसले असतील तर चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर न्या. चार काचेच्या मापनळ्या शेजारी शेजारी, खाली दिवा, वरून फवारा. तीन नळ्या एका रेषेत आणि चौथी बोटभर खाली राहिली की नजरेलाच कळतं. ही चौथी वाइडबँडवर कधीच दिसली नसती, कारण तो सेन्सर चारही सिलिंडरांची सरासरी सांगतो. बेंचवाल्याला नुसता फवाऱ्याचा आकार दाखवून भागवू देऊ नका. मोजलेले सीसी लिहून घ्या.

वाइडबँडची आणखी एक खोडी. बूस्टवर मिसिंग होत असेल तर न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि गेज पातळ दाखवतो. माणूस टेबलमध्ये पेट्रोल वाढवतो, मिसिंग आणखी वाढतं, गेज आणखी पातळ. असं झालं की पेट्रोलला हात न लावता प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमीवर आणा आणि कॉइल तपासा. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा) घ्या. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. दुकानदार "हाच चालतो" म्हणून जे देतो ते पेटीवरून वाचूनच घ्या.

आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुनी टेबलं ज्यांनी ई१० पेट्रोलवर बांधली, त्यांची गाडी काहीही न बदलता जवळजवळ चार टक्के पातळ झाली आहे. ई१०ला पूर्ण जळायला हवेचं प्रमाण १४.१च्या आसपास लागतं, ई२०ला साधारण १३.५. नियंत्रण नीट असलेल्या गाडीत साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर हे सावरून घेतो, बूस्टवर मात्र ईसीयू टेबलावरचं मुकाट वाचतो. इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध वाढतो ही गोष्ट खरी, पण मिश्रण पातळ ठेवून त्या फायद्यावर विसंबू नका. एएफआर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) सोडा आणि लॅम्डामध्ये (पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेला १ धरून; १च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ट्यून करा. भर बूस्टवर ०.७८ ते ०.८२ ही माझ्या मते सुरक्षित जागा. त्यातच जुने रबरी होस आणि टाकीतली जुनी घाण इथेनॉलने सुटते आणि फिल्टरमध्ये जाऊन बसते. रेलचा दाब महिन्यागणिक थोडा थोडा उतरत असेल तर आधी फिल्टर.

टायमिंग: लॅपटॉपवरचं आणि पुलीवरचं एकच आहे का?

या भागाला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. लॅपटॉपवर १८ अंश दिसले म्हणजे इंजिनात १८ अंशांवर ठिणगी पडली, असं धरून चालतात. ट्रिगर व्हील (क्रँकची जागा सेन्सरला सांगणारं दातेरी चाक) स्वतः लेथवर कापलेलं, सेन्सरची पट्टी स्वतः वेल्ड केलेली, ट्रिगर अँगल अंदाजाने टाकलेला. तिथे सहा-आठ अंशांची चूक सहज राहते. आणि ती चूक पुढच्या बाजूला असेल, म्हणजे ठिणगी लवकर पडत असेल, तर बिनबूस्टला गाडी उलट तरतरीत वाटते.

आधी पुलीवरची खूण खरी आहे का ते बघा. जुन्या पुलीच्या दोन भागांमधलं रबर सरकतं आणि बाहेरची कडी फिरते. प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप घाला, क्रँक हाताने एका बाजूला टेकेपर्यंत फिरवा, पुलीवर खूण करा, उलट बाजूने फिरवून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. मग ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर कुलूपबंद करा आणि टायमिंग लाइट मारा: आधी आयडलला, मग ४००० आरपीएमला. खूण दोन्हीकडे एकाच जागी स्थिर दिसली पाहिजे. आरपीएमबरोबर ती सरकत गेली तर सेन्सरकडे वळा. दोन वायरांचा चुंबकीय सेन्सर असेल आणि त्याच्या वायरी उलट जोडल्या असतील, तर गाडी सुरू होते, चालतेही, फक्त टायमिंग वेगाबरोबर वाहत जातं. वायरी अदलाबदल करा आणि ट्रिगर अँगल नव्याने बसवा. थोडंच सरकत असेल तर ईसीयूमधली स्पार्कच्या विलंबाची भरपाई बघा. हे झाल्याशिवाय टायमिंगच्या टेबलाला हात लावण्यात अर्थ नाही. चुकीच्या पट्टीने कितीही काळजीपूर्वक मापलं तरी काय होणार.

टेबल बांधताना जुना ठोकताळा असा की बिनबूस्टच्या भर लोडला जे टायमिंग, त्यातून बूस्टच्या प्रत्येक ०.०७ बारला एक अंश कमी. ०.५ बारला सात अंश. सुरुवात त्याहूनही दोन-तीन अंश मागे करा आणि डायनोवर (गाडी जागीच रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पुढे या. मात्र नॉकिंगच्या भीतीने फार मागेही ठेवू नका. मग मिश्रण उशिरा जळतं, टर्बो लालभडक होतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट भाजतात.

टेबलाच्या कडेकडे लक्ष द्या. सगळ्यात वरची ओळ १५० किलोपास्कलला (वातावरणाचा दाब धरून, म्हणजे ०.५ बार बूस्टला) संपते आणि टर्बो एखाद्या थंड सकाळी १७० देऊन जातो. इंधनाचं गणित दाबाने गुणलं जात असेल तर पेट्रोल थोडंफार वाढतं; टायमिंग शेवटच्या ओळीवरच अडकून राहतं. ओळी अपेक्षित बूस्टच्या बऱ्याच वर न्या आणि ठरलेल्या बूस्टच्या ०.१५ बार वर इंधन तोडणारी मर्यादा टाका.

नॉकिंग कानाने ओळखू, असा आत्मविश्वास नको. सायलेन्सरच्या आवाजात ५००० आरपीएमला काही ऐकू येत नाही. ७४ मिमी बोअरला नॉकिंगचा मूळ सूर ७.७ किलोहर्ट्झच्या जवळ पडतो (१८०० भागिले पाय गुणिले बोअर, असं गणित आहे). नॉक सेन्सरचा फिल्टर तिथे लावा. साधा उपाय हवा असेल तर तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून, भोक पाडून ब्लॉकच्या बोल्टखाली आवळा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि आवाज बंद करणारे इअरमफ. शेजारी बसलेल्या माणसाने ऐकायचं, चालवणाऱ्याने नाही. इंजिनाच्या एकसारख्या घरघरीत कोरडा, धातूचा टिक वेगळा उठतो. एकदा ऐकलात की पुन्हा चुकत नाही.

हवा किती तापते आणि बाहेर कशी पडते

बाहेर ३८ अंश, बूस्ट ०.५ बार, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर टर्बोतून हवा ९५ अंशांच्या पुढे तापून निघते. ०.७ बारला ११५. नागपुरात मे महिन्यात सुरुवातच ४५ने होते. डिसेंबरात पुण्यात बांधलेलं टेबल उन्हाळ्यात विदर्भात तगत नाही, त्यात नवल नाही. टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर हवाच, आणि हवेचं तापमान मोजणारा सेन्सर इंटरकूलरनंतर, लवकर प्रतिसाद देणाऱ्या उघड्या टोकाचा हवा. तापमान ५० अंशांच्या वर गेलं की टायमिंग आपोआप मागे येईल अशी भरपाई टाका. इंटरकूलर लावताना रेडिएटरची हवा अडली असेल तर पंखा आणि त्याभोवतीचं आवरण सुधारा.

जुन्या बाजारातून आणलेला डिझेल गाडीचा टर्बो हा यातला सगळ्यात मोठा छुपा गुन्हेगार. स्वस्त मिळतो, आकार जुळतो, कमी आरपीएमला मस्त उचलतो. पण त्याचं टर्बाइन कमी वेगाने फिरणाऱ्या आणि थंड धूर सोडणाऱ्या इंजिनासाठी मापलेलं. ५५०० आरपीएमला ते बूच बनतं. धूर बाहेर पडत नाही, सिलिंडरमध्ये गरम उरतो, आणि पुढचं मिश्रण त्याच उष्णतेने नॉक होतं. बूस्ट गेज मात्र शांत ०.५ दाखवत असतो. हे मोजता येतं: एक्झॉस्ट मॅनिफोल्डला छोटं भोक, त्यातून मीटरभर तांब्याची नळी वेटोळी करून आणा म्हणजे धूर निवतो, टोकाला प्रेशर गेज. बूस्टच्या दुप्पटपेक्षा तिथला दाब जास्त गेला तर टायमिंगशी कितीही खेळा, गॅस्केट जाणारच. मोठं टर्बाइन हाउसिंग, टर्बोनंतर मोकळा पाइप, नाहीतर आरपीएमची मर्यादा खाली आणणं, एवढेच मार्ग. व्हेरिएबल पात्यांचा डिझेल टर्बो तर पेट्रोलच्या धुरासमोर नेऊच नये, पाती अडकतात.

बूस्ट आरपीएमबरोबर हळूहळू वर सरकत असेल तर वेस्टगेटचं (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचं) भोक लहान पडतंय. ते ग्राइंड करून मोठं करा आणि झडप पूर्ण उघडते का बघा. एकदम उसळून परत खाली येत असेल तर अ‍ॅक्च्युएटरची नळी किंवा कंट्रोलर. नळी तडकली असेल तर वेस्टगेट उघडतच नाही, आणि मग किती बूस्ट झाला हे गॅस्केटलाच विचारायचं.

तेलाचा विषय थोडक्यात, पण तो वगळू नका. मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा) बूस्टवर घट्ट बंद होत नसेल तर क्रँककेसमध्ये दाब भरतो आणि तेलाची वाफ इनटेकमध्ये ढकलली जाते. तेल मिसळलेलं पेट्रोल नॉकिंगला लवकर बळी पडतं. एकमार्गी व्हॉल्व्ह आणि कॅच कॅन (तेल अडवणारा डबा) लावा. टर्बोचं तेल परत नेणारी नळी जाड, सरळ उताराची, आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. इंटरकूलरच्या खालच्या कोपऱ्यात तेल साचलेलं सापडलं तर हे दोन्ही बघा.

आता गॅस्केट

वरचं सगळं मोजून झालं, मग फेसिंगवाल्याकडे जा. सरळपट्टी आणि फिलर गेजने हेड ०.०५ मिमीच्या आत सपाट असलं पाहिजे, आणि ब्लॉकही. ब्लॉक कोणी तपासतच नाही. मल्टिलेयर स्टील गॅस्केटला पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो, ०.८ मायक्रॉनच्या आत. साध्या कंपोझिटला थोडा खरबरीत चालतो. फेसिंगवाल्याने नेहमीचा कट मारून दिला आणि तुम्ही त्यावर महागडं स्टील गॅस्केट ठेवलं, तर ते पहिल्या दिवसापासून पाझरेल. आधी गॅस्केट ठरवा आणि फिनिश सांगूनच हेड द्या.

कॉम्प्रेशन उतरवायला दोन गॅस्केटं एकावर एक ठेवायची पद्धत आहे. १.२ मिमीचं एक गॅस्केट वाढवलं की ९:१चं साधारण ८.१:१ होतं, कागदावर छान. पण पिस्टन आणि हेडमधली स्क्विशची फट त्याने एवढी वाढते की मिश्रण घुसळलं जाणं थांबतं, ज्वाला रेंगाळते आणि कमी कॉम्प्रेशन असूनही नॉकिंग होऊ शकतं. शिवाय बोल्टला सांभाळायला एकाच्या जागी दोन सांधे. कॉम्प्रेशन कमीच करायचं तर पिस्टन बदला. ०.५ बारपर्यंत ९:१ नीट ट्यूनिंग केलं तर चालतं.

बोल्टच्या भोकांत टॅप फिरवा आणि हवेने कोरडी करा. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्याच्यावरच टेकतो, टॉर्क रेंच कट्कन वाजतो आणि हेडवर ताण आलेलाच नसतो. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने "अजून थोडं आवळ" हा गॅरेजमधला आग्रह इथे घातक. आटे उपटून येतात. मॅन्युअलमधला टॉर्क, तीन टप्प्यांत, मधून बाहेर, आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली तेच वंगण जे मॅन्युअलने सांगितलंय.

पहिले दिवस फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवरचा बूस्ट. लॉगमध्ये रेलचा दाब, लॅम्डा, हवेचं तापमान, बूस्ट आणि टायमिंग एकाच आलेखावर लावा, डायनोवर एक ओढ घ्या, प्लग काढून भिंगातून बघा. स्वच्छ असतील तरच ०.१ बार वाढवा.

एवढं करूनही गॅस्केट त्याच पट्टीवर पुन्हा गेलं, प्लग स्वच्छ आहेत आणि लॉगमध्ये काही खोट दिसत नाही, तर हेडची कठीणता तपासून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा कडकडीत तापलं की धातू मऊ पडतो. फेसिंगनंतर ते आरशासारखं सपाट दिसतं, बोल्ट आवळलेही जातात, पण गरम झालं की फायर रिंग त्यात रुतते आणि ताण निघून जातो. मशीन शॉपमध्ये ब्रिनेल टेस्ट होते. दोन-तीन जागी ठसे घेतात, त्यातला एक पट्टीजवळ घ्यायला सांगा. तो ठसा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठा आला तर त्या हेडवर आणखी पैसे घालू नका, न तापलेल्या गाडीचं दुसरं हेड शोधा.